सेमाग्लुटाइड

सेमाग्लुटाइड हे प्रकार २ चा मधुमेह आणि लठ्ठपणा यांवरील उपचारांत वापरले जाणारे औषध आहे. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क या कंपनीने ते विकसित केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये मधुमेहासाठी (ओझेम्पिक) आणि २०२१ मध्ये वजन घटविण्यासाठी (वेगोव्ही) त्यास मान्यता दिली. वेगोव्ही २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाचे असते.

कार्य

जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते व काही मिनिटांतच नष्ट होते. त्याच्याशी साधर्म्य असलेले सेमाग्लुटाइड मात्र शरीरात दीर्घकाळ टिकते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. ते मेंदूतील भूक नियंत्रित करणाऱ्या भागांवर परिणाम करते आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. त्यामुळे थोड्या अन्नाने तृप्ती होते.

मात्रा

वजन घटविण्यासाठी आठवड्यातून एकदा त्वचेखाली इंजेक्शन घेतात. आरंभीची मात्रा ०.२५ मिलिग्रॅम असते. ती साधारणतः दर चार आठवड्यांनी वाढवीत २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. घाईने मात्रा वाढविल्यास मळमळ व उलट्यांचा त्रास बळावतो.

परिणामकारकता

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६८ आठवड्यांत सहभागींचे वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांत ही घट सुमारे २.४ टक्के होती. दोन्ही गटांना आहार व व्यायामाचे मार्गदर्शन होते. उपचार थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. म्हणून लठ्ठपणा हा दीर्घकालीन विकार मानून उपचारांची आखणी केली जाते. काही आठवड्यांत सडपातळ होण्याचा हा उपाय नव्हे.

दुष्परिणाम व दक्षता

मळमळ, उलट्या, जुलाब व बद्धकोष्ठता हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम होत. क्वचित स्वादुपिंडाचा दाह किंवा पित्ताशयात खडे होतात. पोटात तीव्र व सतत वेदना झाल्यास तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. स्वतःला वा कुटुंबात कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असल्यास हे औषध देत नाहीत. गर्भधारणेच्या नियोजनापूर्वी किमान दोन महिने ते बंद करतात. इन्सुलिनसोबत घेतल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञास या औषधाची कल्पना देणे आवश्यक असते, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेले असू शकते.