हौद्याबाहेरचा माणूस

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. शाळेतून येताना मी तिच्या दारात रेंगाळायचो. वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसलेले असत आणि त्यांचा आवाज थांबत नसे. कुणाचे जोर कमी पडले, कुणाची मान सैल राहिली, कुणी दूध चुकवले, सगळ्याचा हिशेब तिथेच व्हायचा. मैदानाच्या दिवशी मात्र हलगी कडाडली, जोड लागली की तेच वस्ताद खांद्यावर टॉवेल टाकून गप्प उभे राहत. मला वाटायचे, आज यांना काही काम नाही. तो समज चुकीचा होता, हे कळायला मला गोल्फच्या मैदानावर जावे लागले, तेही अमेरिकेत.

१९९४ साली मी एम.एस. करायला ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटरला गेलो. गाव लहान, सपाट माळ आणि कायम अंगावर येणारा वारा. पण कोल्हापूरच्या माणसाला परके वाटू नये असे तिथे एक नाते निघाले. स्टिलवॉटर हे कुस्तीचे गाव आहे. अमेरिकेतल्या कुस्तीगिरांचे राष्ट्रीय स्मारक-संग्रहालय तिथेच आहे आणि माझ्या काळात ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या कुस्ती संघाचे कोच होते सोल आणि बार्सिलोना अशा दोन ऑलिंपिकची सुवर्णपदके जिंकलेले जॉन स्मिथ. मी त्यांच्या कुस्त्या बघायला जाऊ लागलो. त्याच विद्यापीठाचा गोल्फ संघ देशात दबदबा राखून आहे, हे मला एका अमेरिकन वर्गमित्राने सांगितले. त्याच वर्षी गावाच्या पश्चिमेला ‘कार्स्टन क्रीक’ हे विद्यापीठाचे नवे गोल्फ मैदान सुरू झाले होते. तो मला तिथे घेऊन गेला.

गोल्फ म्हणजे निवृत्त साहेबांचा फेरफटका, एवढीच माझी कल्पना. तिथे पाहिले ते वेगळेच. नोव्हेंबरचा बोचरा वारा, आणि विशीच्या आतबाहेरची पोरे आपापली जड बॅग खांद्यावर घेऊन चालताहेत. कॅडी नाही, गाडी नाही. दोन्ही बाजूंना बुटक्या ओकची इतकी दाट झाडी, की चेंडू आत गेला तर तो गेलाच म्हणायचे. सरावाच्या ग्रीनवर एक मुलगा होलभोवती गोल करून चेंडू मांडून बसला होता. हातभर अंतरावरून एकेक चेंडू आत सोडायचा. एक चुकला की सगळे चेंडू पुन्हा मांडून पहिल्यापासून सुरुवात. आम्ही तासाभराने परतलो, तेव्हाही तो तिथेच वाकलेला होता. मला तालमीतल्या बैठका आठवल्या. शंभरावर गाडी आली की वस्ताद म्हणायचे, आता मोजायला लाग.

त्या संघाचे कोच होते माइक होल्डर. त्यांच्याशी बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मी त्यांना ओळखतो ते त्यांच्या कामातून. ते याच विद्यापीठात शिकले, इथल्याच संघातून खेळले आणि १९७३ साली, पंचविशीच्या आसपास, त्याच संघाचे कोच झाले. त्यानंतर २००५पर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, ते त्या जागेवर राहिले. एवढ्या काळात संघाने आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पहिले १९७६चे, शेवटचे २०००चे.

कॉलेज गोल्फमध्ये कोच नेमके काय करतो, हे समजायला त्या खेळाचा हिशेब आधी समजावा लागतो. स्पर्धेला संघातून पाच जण उतरतात. प्रत्येक फेरीत पाचांपैकी सर्वांत चांगले, म्हणजे सर्वांत कमी फटक्यांचे, चार आकडे धरायचे, पाचवा सोडून द्यायचा. नेहमीची स्पर्धा तीन फेऱ्यांची असते आणि पुष्कळदा पहिल्याच दिवशी दोन फेऱ्या होतात. म्हणजे बॅग खांद्यावर घेऊन दिवसभरात ३६ होल. संघात मुले आठ-दहा असतात, जायचे पाचांनी. ते पाच ठरवण्यासाठी घरच्या मैदानावर आपापसात पात्रता फेऱ्या होतात. आठवडाभर एकत्र जेवणारी, एका खोलीत राहणारी मुले त्या फेरीत एकमेकांविरुद्ध खेळतात. सहावा राहिलेला मुलगा घरी थांबतो आणि सोमवारी वर्गात जाऊन बसतो.

कोचच्या कामातला सर्वांत अवघड भाग हाच असावा. मुलाचा स्विंग बहुधा त्याच्या लहानपणीच्या शिक्षकाने घडवलेला असतो. अठराव्या वर्षी तो मोडून नवा बसवायला जाणे धोक्याचे. कोच त्याचा पोत फारसा बदलत नाही. हा मुलगा थंडीत कसा खेळतो, दोन होल बिघडल्यावर तिसऱ्या टीवर कसा उभा राहतो, परीक्षेच्या आठवड्यात त्याचे लक्ष कुठे असते, हे तो बघत राहतो. पाचवा आकडा सोडून द्यायची सोय असली, तरी आज तो पाचवा कोण निघणार हे सकाळी कुणालाच ठाऊक नसते. म्हणून पाचही जण मोजले जातील अशाच तयारीचे लागतात.

दुसरे काम पैशाचे. अमेरिकन कॉलेजात फुटबॉल आणि बास्केटबॉल प्रेक्षक खेचतात, गोल्फला तिकीट नसते. त्या काळात पुरुषांच्या अख्ख्या संघाला नियमाने साडेचारच शिष्यवृत्त्या देता येत. त्या तुकडे करून वाटायच्या, प्रवास सांभाळायचा, सरावाला जागा मिळवायची. होल्डर यांनी देणगीदार जोडले आणि कार्स्टन क्रीक त्यातून उभे राहिले. मैदानाची आखणी टॉम फाझियो यांनी केली. मैदानाला नाव मिळाले ते ‘पिंग’ कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांचे. शेवटच्या होलला लागून असलेल्या तलावाला त्यांच्या पत्नीचे, लुईस यांचे. होल्डर यांनी देणगीदार जोडल्याचे वाचताना मला आमच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आठवतात. पैलवान खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. रकमांची तुलना होत नाही. पण आपल्या कॉलेजच्या पोरासाठी दुसऱ्यापुढे हात पसरायला लाज न वाटणे, हा गुण दोन्हीकडे एकच आहे.

होल्डर यांनाही हे काम कुणाकडून तरी मिळाले होते. त्यांचे कोच लॅब्रॉन हॅरिस १९४७पासून २७ वर्षे या संघाचे काम बघत होते. विद्यापीठाचे नाव तेव्हा ओक्लाहोमा ए अँड एम होते. हॅरिस यांच्या मुलाने १९६२ची यू.एस. अमॅच्युअर स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संघाने विद्यापीठाला गोल्फमधले पहिले राष्ट्रीय विजेतेपद आणून दिले. १९४७पासून २०११पर्यंत सलग ६५ वर्षे हा संघ राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला पात्र ठरला. मुले दर चार वर्षांनी बदलतात. मग ही सलगता कुणाची? तालमीतून पैलवान जातात, माती तीच राहते, आणि ती रोज उकरणारा कुणी तरी असतो.

मी तिथे असतानाच, १९९५च्या उन्हाळ्यात, कोलंबसला राष्ट्रीय स्पर्धा झाली. समोर आदल्या वर्षीचा विजेता स्टॅनफर्डचा संघ, आणि त्यात पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी टायगर वुड्स. चार दिवस खेळून दोन्ही संघांची बरोबरी झाली. या स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच निकाल सडन-डेथ प्लेऑफवर गेला आणि ओक्लाहोमा स्टेट जिंकले. त्या संघात ट्रिप कीनी होता. आदल्या वर्षी यू.एस. अमॅच्युअरच्या अंतिम लढतीत टायगरवर मोठी आघाडी घेऊनही तो हरला होता. त्याच संघात ॲलन ब्रॅटन नावाचा एक मुलगा होता. त्याचे नाव मी तेव्हा फारसे लक्षात ठेवले नव्हते.

होल्डर यांनी उभारलेल्या मैदानावर राष्ट्रीय स्पर्धा आली ती २००३ साली. ओळखीची झाडी, पाठचा वारा, घरचे लोक. तरी क्लेमसनचा संघ जिंकला आणि ओक्लाहोमा स्टेट दुसरे आले. दोन वर्षांनी होल्डर कोचपद सोडून विद्यापीठाच्या संपूर्ण क्रीडा विभागाचे प्रमुख झाले. गोल्फसाठी जोडलेली माणसे पुढे साऱ्या विभागाच्या कामी आली. टी. बून पिकन्स या उद्योगपतींनी क्रीडा विभागाला १६.५ कोटी डॉलरची देणगी दिली, तीही होल्डर यांच्याच काळात. २०११ साली राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा कार्स्टन क्रीकवर झाली. घरचा संघ तेव्हा उपांत्य फेरीत हरला.

तिसऱ्यांदा ती आली २०१८च्या मे महिन्यात. मी तोवर टेक्सासमध्ये स्थिरावलो होतो. रात्रभर गाडी चालवून स्टिलवॉटरला गेलो. निकालाची पद्धत २०११च्या आधीच बदलली होती. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर आठ संघ उरतात आणि मग एकास एक लढती होतात, पाच जोड्या, तीन जिंकायच्या. पाचवा आकडा सोडून द्यायची सोय नाही. ज्याची कुस्ती त्याने लढायची.

त्या दिवशी मी खेळाडूंपेक्षा कोचांकडे जास्त बघितले. गोल्फमध्ये खेळाडूला सल्ला द्यायला नियमाने फार थोड्यांना मुभा असते, पण कॉलेजच्या सामन्यांत कोच बोलू शकतो. त्यामुळे आखूड होलच्या टीवर कुठल्या ना कुठल्या संघाचा कोच उभा दिसे. मुलगा येई. दोघे झाडांचे शेंडे बघत. कोच अंतर सांगे, वारा कुठून आहे ते सांगे, ग्रीनच्या मधोमध बोट दाखवी. दहा-बारा शब्द, त्याहून जास्त नाहीत. मग तो चार पावले मागे सरके. मुलगा चेंडूवर उभा राही, आणि त्या माणसाचे हात खिशात जात. तिथे मला आमचे वस्ताद दिसले. तोच टॉवेल, तेच गप्प उभे राहणे. त्या क्षणी त्याला करण्याजोगे काही उरलेले नसते. जे करायचे ते सप्टेंबरच्या पात्रता फेरीत, जानेवारीच्या थंडीत, एखाद्या मुलाला ‘या वेळी तू घरी थांब’ असे सांगताना होऊन गेलेले असते. आणि तरीही त्याने तिथे उभे राहायचे असते, कारण चेंडू झाडीत गेला तर मुलगा मागे वळून बघतो.

घरच्या संघाने अलाबामाविरुद्धची अंतिम लढत ५-० अशी जिंकली. व्हिक्टर हॉवलंड आणि मॅथ्यू वुल्फ ही पुढे जगाला माहीत झालेली नावे त्या पाचांत होती. संघाचा कोच होता ॲलन ब्रॅटन, १९९५च्या प्लेऑफमधला तोच मुलगा. ज्या वर्षी तो खेळाडू म्हणून जिंकला त्याच्या आदल्या वर्षी हे मैदान उघडले होते. होल्डर क्रीडाप्रमुख होते. म्हणजे त्यांनी आखून घेतलेल्या मैदानावर त्यांच्या संघाला विजेतेपद मिळाले, ते त्यांनी कोचपद सोडल्यावर तेरा वर्षांनी आणि त्यांच्या पठ्ठ्याच्या हातून.

१९४७पासून आजवर या संघाला चारच कोच झाले. हॅरिस, होल्डर, होल्डर यांचे सहायक राहिलेले माइक मॅक्ग्रॉ आणि ब्रॅटन. चौघांनीही राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०२५ साली कॅलिफोर्नियात मिळाले ते बारावे.

२०१८च्या त्या संध्याकाळी तलावाकाठी फोटो निघत होते. मी गाडीकडे जाताना सरावाच्या ग्रीनजवळून गेलो. ग्रीन रिकामे होते. १९९४मध्ये होलभोवती चेंडू मांडणारा तो मुलगा कोण होता, मला ठाऊक नाही. कदाचित तो त्या आठवड्यात घरी थांबलेला सहावा असेल. आमच्या तालमीत वस्तादांची तसबीर आहे. तिच्याखाली जिंकलेल्या पठ्ठ्यांची नावे लिहिली आहेत, न जिंकलेल्यांची नाहीत. पण जोर-बैठका त्यांनीही तेवढ्याच काढल्या आणि वस्तादांनी त्या तेवढ्याच नेटाने मोजल्या. पुढच्या वेळी गावी गेलो, तेव्हा मी त्या तसबिरीपुढे जरा जास्त वेळ उभा राहिलो.