शेणखताचा भात, खताचा भात : कस कोणाच्या दाण्यात?



घोडेगावच्या बाजारात आपल्या एका सभासदांनी मला थांबवले. ऊस खाली घोड नदीच्या काठी आणि भात वर डिंभ्याच्या अंगाला, असा त्यांचा दुहेरी संसार. "साहेब, घरच्यापुरतं एक खाचर नुसत्या शेणखतावर ठेवलंय. खताच्या तांदळात लोह-जस्त राहत नाही म्हणतात, खरं का?" घरात सून बाळंतीण, डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलेले.

२००९ साली लंडनच्या संशोधकांनी जगभरचे जुने प्रयोग तपासले, तेव्हा दोन्ही प्रकारच्या मालाच्या खनिजांत आरोग्याला जाणवेल असा फरक दिसला नाही. २०१४ साली न्यूकॅसलच्या तपासणीत मात्र सेंद्रिय मालात कॅडमियम कमी आढळले. हा विषारी धातू स्फुरदाच्या खतांबरोबरही जमिनीत येतो. तेवढी बाजू शेणखताची खरी.

पण खरा घोळ गिरणीत आहे. लोह बरेचसे दाण्याच्या वरच्या थरात असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम पॉलिश तांदळात लोह सुमारे ०.६५ मिलिग्रॅम, बिनपॉलिशच्यात सुमारे १. शेणखतावर पोसलेला इंद्रायणी पांढराशुभ्र करून आणायचा अन् कोंडा म्हशीला घालायचा, मग कस खाल्ला कोणी? बरे, कोंड्यातले लोह अंगी लागायलाही जड. तेव्हा सुनेच्या गोळ्या बंद करू नका, असे मी त्यांना बजावले.

जस्ताचे वेगळे. पाणी साचलेल्या खाचरात लोह विरघळते, जस्त अडकून बसते. भाताचा खैरा रोग जस्ताअभावी होतो, हे १९६६ साली पंतनगरला डॉ. नेने यांनी दाखवले. स्फुरद वारेमाप टाकला की हा तुटवडा वाढतो. उसावर लोहाअभावी केवडा पडतो तो आपण लगेच ओळखतो, भाताकडे मात्र तसे बघत नाही.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत तर हा शेणखत-रासायनिक तंटाच नाही. रोपवाटिकेत तुसाची काळी राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी. राखेतून सिलिका मिळते, रोप कणखर होते.

जस्त जातीवरही ठरते. डीआरआर धान ४५ ही २०१६ साली आलेली जात त्यासाठीच निवडलेली आहे. आपल्या डोंगरपट्ट्यात ती एकदम सगळ्या रानात घेऊ नका, एखाद्या खाचरात करून बघा. आणि उसाच्या मातीचा नमुना काढाल, तेव्हा भातखाचराचाही वेगळ्या पिशवीत काढा व जस्त तपासायला सांगा.

— ऊस विकास अधिकारी