हजारी किती?

हिशेबापुरतं धरून चालू की मध्य प्रदेशातलं रामाकोना आणि आजूबाजूच्या खेड्यांत मिळून वर्षाला १०० बाळं जन्मतात. गेल्या वर्षी त्यांतली तीन पहिल्या महिन्यातच दगावली, यंदा एकही नाही. म्हणजे नवजात मृत्युदर ३० वरून थेट शून्यावर आला. आता सत्कार कोणाचा करायचा?

कोणाचाच नाही, असं माझं उत्तर आहे. दर काढण्याची रीत साधी आहे: जिवंत जन्मलेल्या बाळांपैकी २८ दिवस पूर्ण होण्याआधी किती गेली ते मोजायचं आणि हजार जन्मांच्या प्रमाणात मांडायचं. जन्म १०० असले की एका मृत्यूने दर दहाने हलतो. खरा धोका हजारी ३० इतकाच राहिला, दवाखाना, रस्ता, आईचं खाणंपिणं, काहीच बदललं नाही, तरी निव्वळ योगायोगाने साधारण वीस वर्षांतून एक वर्ष मृत्यूविना जाईल आणि बारा वर्षांतून एखाद्या वर्षी सहा किंवा त्याहून जास्त बाळं जातील. पहिल्या वर्षी हारतुरे आणि दुसऱ्या वर्षी आशाताईला नोटीस, दोन्ही बिनबुडाचं.

हे फक्त खेड्याचं दुखणं नाही. आइसलंडमध्ये वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास बाळं जन्मतात आणि नवजात मृत्युदर हजारी एकच्या जवळपास असतो. म्हणजे अख्ख्या देशात वर्षाला चार-पाच मृत्यू. दोन जास्त झाले की आलेख उडी मारतो. अशा ठिकाणी पाच-दहा वर्षं एकत्र केल्याशिवाय कल दिसतच नाही.

कारण एकच आणि जबरदस्त असेल, तर मात्र छोट्या आकड्यांतूनही ते उघडं पडतं. आइसलंडच्याच वेस्टमन बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक धनुर्वाताने जात. १८४७ साली श्लाइस्नर हा डॅनिश डॉक्टर तिथे गेला. त्याने बाळंतपणासाठी वेगळं घर उभारलं आणि नाळेच्या जखमेवर औषधी तेल लावायला सुरुवात केली. जंतू रोग पसरवतात हे अजून सिद्ध व्हायचं होतं, तरी मृत्यू झपाट्याने खाली आले. आपल्याकडे विळ्याने नाळ कापून वर शेण-राख लावण्याची चाल होती, तिचा परिणाम तोच व्हायचा. गरोदरपणातली धनुर्वाताची सुई, नवं ब्लेड आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांनी ती साखळी तोडली. नवजात धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. निर्मूलन म्हणजे शून्य नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

आता देशाचा लांबचा कल. नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९९० मध्ये हजार जन्मांमागे ८० बाळं वर्षाच्या आत जात, त्यांतली ५३ पहिल्या महिन्यात. २०२० मध्ये हे आकडे २८ आणि २० होते. दोन्ही उतरले, पण पहिल्या महिन्याचा वाटा दोन तृतीयांशावरून सात दशांशावर चढला. गोवर, जुलाब, न्यूमोनिया हे थोड्या मोठ्या बाळाचे शत्रू. त्यांच्यावर लस आणि मीठ-साखरेचं पाणी चाललं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, वजनाने हलकं किंवा जन्मताच श्वास कोंडलेलं बाळ मात्र काही तासांत हातचं जातं, तिथे त्याच क्षणी जाणता माणूस लागतो. २०२० च्या २० पैकी १५ मृत्यू पहिल्या आठवड्यातले आहेत, म्हणजे बारशाच्याही आधीचे. नाव ठेवण्याआधी गेलेलं बाळ कागदावर यायचंच राहतं. खरं तर कायद्याने नावाशिवायही जन्म नोंदवता येतो.

म्हणून नमुना नोंदणीत मोजणी दोनदा होते. निवडलेल्या गावात राहणारा अंशकालीन गणक जन्म-मृत्यू घडतील तसे लिहीत जातो. दर सहा महिन्यांनी बाहेरचा पर्यवेक्षक घरोघर फिरून स्वतंत्र यादी करतो. दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जुळणार नाही त्या नोंदीसाठी पुन्हा त्या घरी जातात. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तरी बाळ मोजलं जातं सासरच्या गावात, कारण नेहमीचं राहणं कुठे हे तिथे बघतात.

नागरी नोंदणीचा नियम नेमका उलटा आहे. १९६९ च्या कायद्याने जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथेच नोंदायचा, २१ दिवसांच्या आत. रामाकोना नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. नड आली की बाळंतिणीला घेऊन नागपूर गाठलं जातं, आणि अडलेली, गुंतागुंतीची बाळंतपणं तर तिकडेच जातात. तिथे बाळ गेलं, तर तो मृत्यू महाराष्ट्राच्या वहीत चढतो. गावची वही त्यामुळे आहे त्यापेक्षा चांगली दिसते. त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तहसिली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. पुढच्या दहा वर्षांत कोणी ‘जिल्ह्याचा कल’ दाखवला, तर आधी कोणता जिल्हा ते विचारावं लागेल.

सीमा ओलांडली की फरक किती पडतो? २०२० मध्ये नवजात मृत्युदर मध्य प्रदेशात ३१ होता, देशात सगळ्यात जास्त. महाराष्ट्रात ११, केरळात ४. ही राज्यांची सरासरी आहे, रामाकोन्याची नव्हे.

एवढा फरक गावपातळीवर भरून निघू शकतो का, याचं उत्तर विदर्भातच मिळालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ झोळीत घालून काट्यावर तोलायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनची सुई घरीच द्यायची. १९९३-९५ मध्ये तिथला दर ६२ होता, तिसऱ्या वर्षी तो २५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ६० च्या घरातच राहिला. ही तुलनेची गावं नसती, तर ‘सगळीकडेच कमी झालं असेल’ म्हणायला वाट राहिली असती. दुसरी पळवाटही त्यांनी बुजवली होती. एकदा श्वास घेऊन गेलेलं बाळ ‘मेलेलंच जन्मलं’ असं लिहिलं की नवजात मृत्यू आपोआप घटतो. आरोग्यदूत बाळंतपणाला स्वतः हजर असायची, त्यामुळे बाळ रडलं होतं की नाही हे सांगोवांगीवर राहिलं नाही. २०११ पासून हीच घरभेटीची पद्धत देशभर आशाताईंकडे आली: दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात.

तेव्हा सभेत कोणी दर निम्म्यावर आणल्याचं सांगितलं, तर टाळ्यांआधी चार गोष्टी विचारा: जन्म किती होते, किती वर्षं धरली, नागपुरात गेलेली बाळं मोजली का, आणि मृत जन्मांचा आकडा त्याच काळात वाढला तर नाही ना.