कॉम्प्युटर चालूच होत नाही? आधी तो कुठे अडतो ते बघा, फॉरमॅट सगळ्यात शेवटी

वांकिडी : रात्री व्यवस्थित बंद केलेला कॉम्प्युटर सकाळी चालूच होत नाही. बटण दाबले की पंखा फिरतो, पण पडदा काळाच. पुन्हा दाबले की दोन मिनिटे चालतो आणि आपोआप बंद पडतो. चौथ्या-पाचव्या वेळी कसाबसा सुरू होतो, मग घरचे म्हणतात, "जाऊ दे, झाला ना चालू!" आठवडाभराने पुन्हा तीच गत.

वांकिडीसारख्या सीमेवरच्या गावात ही नुसती गैरसोय नसते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची विभागणी झाली आणि वांकिडी मंडल आसिफाबाद जिल्ह्यात आले. जिल्हा बदलला, तरी घरांचे व्यवहार दोन्ही राज्यांतच राहिले. कोणाचे शेत इकडे तर सासर राजुऱ्याला, कोणाची शाळा मराठीतून तर कॉलेज तेलंगणात. एकाच घरात मी-सेवा केंद्रातून काढलेला दाखलाही असतो आणि महाराष्ट्रातला सातबाराही. हे सगळे स्कॅन करून बहुतेक वेळा घरच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये ठेवलेले असते. लग्नाचे फोटो, पोरांचे प्रोजेक्ट, बचत गटाचा हिशेबही त्यातच.

मशीन आसिफाबादला न्या, कागजनगरला न्या नाहीतर राजुऱ्याला, अनेकदा ऐकू येणारे उत्तर एकच : "विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल." कधी ते खरे असते. पण बऱ्याचदा दोष दुसरीकडेच असतो. फॉरमॅटने फाइली जातात आणि दोष तसाच राहतो.

बटण दाबल्यावर आत काय होते?

कॉम्प्युटर चार पायऱ्यांनी सुरू होतो. पहिली पायरी विजेची. ज्या डब्याला आपल्याकडे सगळे 'सीपीयू' म्हणतात, त्यातला एसएमपीएस घरातली २३० व्होल्टची वीज घेतो आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आतल्या भागांना देतो. दुसरी पायरी तपासणीची : मदरबोर्डवरचा बायोस हा छोटा प्रोग्राम रॅम, प्रोसेसर, डिस्प्ले जागेवर आहेत का ते बघतो. तिसऱ्या पायरीला तो विंडोज असलेली डिस्क शोधतो. चौथ्या पायरीला विंडोज सुरू होते.

फॉरमॅटचा संबंध फक्त चौथ्या पायरीशी आहे. मशीन पहिल्या तिघांपैकी एखाद्या पायरीवर अडले असेल तर फॉरमॅटने काहीच साधत नाही. म्हणून पहिला प्रश्न "काय बिघडले?" हा नाही, "कुठपर्यंत जाऊन थांबते?" हा आहे.

दिवा नाही, पंखा नाही : दोष विजेचा

आधी त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघायचा. मग डब्याच्या मागचा छोटा स्विच चालू आहे का आणि वायर घट्ट बसली आहे का ते बघायचे. मध्ये यूपीएस असेल तर तो बाजूला ठेवून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावायची. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत थकते, आणि मग दोष तिचा असताना बोल कॉम्प्युटरला लागतो.

तरीही काही नाही? वायर काढून पुढचे बटण १५ ते २० सेकंद दाबून धरायचे, म्हणजे आत अडकलेली वीज उतरते. दहा मिनिटांनी वायर लावून पुन्हा प्रयत्न करायचा. लाइट एकदम कमी-जास्त झाली की एसएमपीएस कधी कधी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो; या उपायाने तो परत चालतो. नाहीच चालला तर एसएमपीएस बदलावा लागू शकतो. त्याचा डबा मात्र घरी कधीच उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

पावसाळ्यात वीज कडाडू लागली की नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून ओढून काढावी लागते. इंटरनेटची तांब्याची केबल जोडलेली असेल तर तीही काढायची. झटका त्या वाटेनेही आत येतो.

पंखा फिरतो, पडदा काळा : बहुतेकदा रॅम किंवा केबल

सुरुवात मॉनिटरपासून. त्याचा स्वतःचा दिवा लागतो का? केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का? डब्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची, मदरबोर्डला नाही.

मग कान द्यायचा. काही मशीन सुरू होताना 'बीप' वाजवतात. एक छोटी बीप बहुधा सगळे ठीक असल्याची खूण. एकसारख्या बीप वाजत राहिल्या तर बहुतेकदा रॅमकडे बोट असते. प्रत्येक कंपनीची खूण थोडी वेगळी असते. नव्या मशीनमध्ये पुष्कळदा आवाज करणारा भागच नसतो, म्हणून बीप आली नाही तर घाबरायचे कारण नाही.

रॅम घरी काढून बसवता येते. वायर काढून टाकायची, बटण दाबून उरलेली वीज उतरवायची आणि डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. दोन्ही बाजूंच्या पकडी उघडून पट्टी सरळ वर काढायची. सोनेरी कडा मऊ पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसायची आणि चुरा झटकून टाकायचा. बसवताना दोन्हीकडे 'टक' आवाज यायला हवा. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून बघायची, खाचही बदलून बघायची. एका पट्टीवर मशीन चालते आणि दुसरीवर नाही, तर चोर सापडलाच.

चालू होते आणि आपोआप बंद पडते : उष्णता

या पट्ट्यात कापूस वेचला की घरातच ठेवतात. त्याचे बारीक तंतू हवेत उडतात आणि पंख्याने ओढून प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांत जाऊन बसतात. वर्ष-दोन वर्षांत तिथे गादीच तयार होते आणि हवा जायला वाट उरत नाही. त्यात उन्हाळ्याचा कहर. प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी झटकन बंद होते. थंड झाल्यावर परत चालते. "सकाळी चालतो, दुपारी नाही" या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

उपाय साधा. वायर काढून डबा अंगणात न्यायचा, एका बोटाने पंखा अडवून धरायचा आणि मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढायची. पंखा अडवला नाही तर ब्लोअरच्या जोराने तो भरधाव फिरून खराब होऊ शकतो. पंखा हाताने सहज फिरत नसेल तर तो बदलावा लागतो. प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली पेस्ट जुनी होऊन सुकते. ती नव्याने लावायचे काम दुकानदाराकडून करून घेतलेले बरे.

सुरू होऊन दोन-चार सेकंदांतच बंद पडत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. तिथे कमजोर एसएमपीएस, सैल रॅम किंवा आतच अडकून राहिलेले बटण यांवर संशय घ्यायचा.

तारीख मागे गेली : छोटा सेल संपला

पडद्यावर 'एफ१ दाबा' असा मजकूर येतो आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे दाखवते, तेव्हा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपलेला असतो. तो महाग नाही, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पण त्याच्यामुळे गोंधळ मोठा होतो. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळे 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत आणि अर्जाची शेवटची तारीख निघून जाते. बायोसची सेटिंगही पुसली जाते, त्यामुळे डिस्क धडधाकट असूनही विंडोज सापडत नाही. अशा वेळी सेल आणि सेटिंग न बघता फॉरमॅट केला तर तो वाया गेला.

'बूट डिव्हाइस नाही' : डिस्क सापडत नाही

आधी पेन ड्राइव्ह, कार्ड वगैरे बाहेर काढायचे. मशीन कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसते. मग मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचे (काही कंपन्यांची कळ वेगळी असते) आणि डिस्कचे नाव दिसते का ते बघायचे. दिसत नसेल तर मशीन बंद करून, वायर काढून, डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवायच्या.

डिस्कमधून 'टक-टक' किंवा खरखर आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करायचे. दहा वेळा चालू करून बघायचा मोह इथे महागात पडतो, कारण प्रत्येक प्रयत्नात डिस्क आणखी खराब होऊ शकते. आतल्या फाइली मोलाच्या असतील तर ती थेट डेटा काढून देणाऱ्याकडेच न्यावी.

विंडोजच्या लोगोवर अडकते : तरी फॉरमॅट नाही

१९ जुलै २०२४ रोजी जगभरचे लाखो कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. हैदराबाद विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका अपडेटमधली एक फाइल चुकीची निघाली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशीनना त्याचा फटका बसला. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचे आणि ती एक फाइल पुसायची. त्यासाठी फॉरमॅटची गरज नव्हती.

घरच्या मशीनलाही हाच धडा लागू आहे. दोन-तीन वेळा सुरू होण्यात अडथळा आला की विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतात. त्यात 'ट्रबलशूट' आणि पुढे 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडायचे. आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून बघायचे. बिघाड नव्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' वापरायचे. मग 'सिस्टिम रिस्टोअर'. 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून मशीन रिस्टार्ट करून ४ दाबले की सेफ मोड येतो. 'रिसेट' या शब्दापासून मात्र सावध : त्यात फाइली ठेवण्याचा पर्याय असतो, पण टाकलेले प्रोग्राम जातात, आणि चुकून दुसरा पर्याय दाबला तर सगळेच जाते.

"विंडोज १० बंद झाली म्हणून चालू होत नाही," असेही कोणी सांगते. तसे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली, पण त्यामुळे मशीन सुरू व्हायचे थांबत नाही.

फॉरमॅट करायचाच असेल तर

विंडोज सुरू होत नाही म्हणजे फाइली गेल्या, असे नसते. डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की त्या कॉपी करता येतात. उबंटूसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवूनही तेच काम होते. नव्या मशीनमध्ये डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असू शकते. त्याची ४८ अंकी किल्ली बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड माहीत असायला हवा.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपायची. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली तो फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. फाइल असते, पण वाचता येत नाही. तेलंगणातल्या दुकानात हा मराठी फॉन्ट मिळेलच असे नाही. म्हणून फाइलींसोबत फॉन्टही कॉपी करून ठेवायचे.

दुकानात जाताना

दुकानदार तेलुगू किंवा हिंदी बोलणार, पडद्यावरचा संदेश इंग्रजीत, आणि घरी मराठीत सांगायचे ते "बंद पडला" एवढेच. यात निम्मी माहिती वाटेतच हरवते. म्हणून पडद्यावर जे दिसते त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, बीपचा आवाज रेकॉर्ड करायचा. मशीन कुठपर्यंत जाऊन थांबते आणि त्याआधी काय घडले, म्हणजे लाइट गेली, वीज कडाडली की अपडेट आले, ते कागदावर लिहून न्यायचे. पावतीवर "मालकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, आधी डेटा काढावा" एवढे लिहून घ्यायचे.

आणि ज्यांच्या घरचे मशीन आज तिसऱ्या-चौथ्या वेळी का होईना सुरू होते आहे, त्यांनी आजच दाखले, सातबारा आणि फोटो पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. सरकारी कागद डिजिलॉकरमध्येही ठेवता येतात. दुरुस्तीचे काम त्यानंतर.