टॉर्क रेंच: दोन हजारांचा घ्यावा की वीस हजारांचा?

आजचा भाग एकाच प्रश्नावर. दापोली तालुक्यातल्या केळशीहून एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवलीय. तो म्हणतो, "दादा, बाइकचं काम मी घरीच करतो. ऑनलाइन टॉर्क रेंच दोन हजारांतही दिसतो आणि वीस हजारांतही. दोन्हींवर अचूकता ४ टक्केच लिहिलीय. मग वरचे पैसे कशाचे?"

एकदम बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. पण आधी, ज्यांनी हे हत्यार हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं.

टॉर्क रेंच करतो काय?

बोल्ट आवळताना आपण जो पीळ देतो तो टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर लावला, की झाले साधारण ४० न्यूटन-मीटर. क्लिकवाल्या रेंचच्या दांड्यात एक स्प्रिंग असते. मूठ फिरवून आकडा वाढवला की ती दाबली जाते. ठरलेला टॉर्क आला की आतला तुकडा सटकतो आणि 'टक्' आवाज येतो. तिथे थांबायचं. खात्रीसाठी अजून दोनदा टक्-टक् करायचं नाही, त्याने बोल्ट थोडा जास्तच आवळला जातो.

हे एवढं महत्त्वाचं का? इंजिनचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि ऑइलचा ड्रेन बोल्ट स्टीलचा. जोर जास्त झाला की आटे जातात, आणि पन्नास रुपयांच्या वॉशरचं काम हजारोंवर जातं. उलट ब्रेक कॅलिपरचा किंवा चाकाच्या अ‍ॅक्सलचा नट ढिला राहिला, तर प्रश्न पैशांचा राहतच नाही.

मग वरचे पैसे कशाचे?

आयएसओ ६७८९ नावाचं मानक आहे. १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक रेंचला ते ४ टक्के चूक माफ करतं, १० आणि त्याखालच्याला ६ टक्के. म्हणून सगळ्या डब्यांवर तोच आकडा दिसतो. महागात मिळतं ते हे: तुमच्याच नगाच्या सिरीयल नंबरचं, प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांचं प्रमाणपत्र, हजारो क्लिकनंतरही न बदलणारं वागणं, आणि बिघडल्यावर मिळणारे सुटे भाग. स्वस्तातला एक नग झकास निघतो, त्याच डब्यातला दुसरा भरकटलेला. थोडक्यात, आपण अचूकतेपेक्षा खात्रीचे पैसे देतो.

ही खात्री कोणाला लागते? मानक सांगतं की स्वतःचं वेगळं वेळापत्रक नसेल तर ५००० क्लिक किंवा १२ महिने झाले की रेंच तपासून घ्या. गॅरेजमध्ये दिवसाला पन्नास क्लिक झाले तरी शंभर दिवसांत ५००० होतात. घरी महिन्याला दहा बोल्ट आवळणाऱ्याला तिथे पोचायला चाळीस वर्षं लागतील! म्हणजे घरच्या रेंचला क्लिकपेक्षा कॅलेंडर आणि गंज जास्त खातात.

खरी गडबड बोल्टमध्ये असते

आता जरा गणित. आपल्याला हवा असतो बोल्टचा ताण, म्हणजे दोन भाग दाबून धरणारं बळ. पण आपण मोजतो पीळ. त्या पिळातला साधारण दहावा हिस्साच ताणात जातो. बाकी सगळा आट्यांतलं आणि बोल्टच्या डोक्याखालचं घर्षण खातं.

१० मिलिमीटरचा कोरडा, स्वच्छ बोल्ट ४० न्यूटन-मीटरला आवळला तर ढोबळ हिशेबाने ताण येतो सुमारे २ टन. त्याच आट्यांना तेल लावून तेवढाच टॉर्क दिला, तर जवळपास २.७ टन. आटे गंजलेले असतील, तर १.३ टनांच्या आसपास. आणि रेंचच्या ४ टक्के चुकीने फरक किती? फक्त ८० किलो.

केळशीसारख्या खाडी-समुद्राच्या गावात खारी हवा वर्षभर काम करत असते आणि पावसाळ्यात ओल वेगळी. तिथे गंजक्या आट्यांवर वीस हजारांचा रेंच चालवणं म्हणजे कचरा डेटावर भारी अल्गोरिदम चालवणं. आधी वायर ब्रशने आटे साफ करा. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, ते बघा. मनाने ग्रीस थापू नका.

स्वस्त रेंच घरी तपासा

सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. १० किलोची सीलबंद तांदळाची पिशवी टांगून आधी काटाच तपासा. मग रेंचचा चौकोनी डोका व्हाइसमध्ये उभा धरा, म्हणजे दांडा आडवा राहील. वेल्डिंगच्या दुकानात व्हाइस असतोच. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा, काटा तिथे अडकवा आणि काटकोनात हळूहळू ओढा. अंतर ४० सेंटिमीटर आणि सेटिंग ४० असेल तर १०.२ किलोला टक् व्हायला हवं. ९.८ ते १०.६ मध्ये झालं तर उत्तम. पाचदा करा. दर वेळी वेगळा आकडा आला, तर रेंच परत पाठवा.

तर घ्यायचा कोणता?

आधी रेंज बघा, मग किंमत. अचूकतेची हमी सहसा कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वरच असते. २०० न्यूटन-मीटरच्या रेंचने बाइकचा १२ न्यूटन-मीटरचा बोल्ट आवळणं म्हणजे अंदाजपंचे काम, मग तो कितीही महाग असो. घरच्या बाइकला लहान रेंजचा, तपासलेला साधा रेंच पुरतो. क्लिक नको असेल तर काटा आणि पट्टीवाला बीम रेंचही चांगला. त्यात दाबायची स्प्रिंगच नाही, काटा शून्यावर आहे ना, एवढं बघायचं.

महागडा घ्यावा तो गॅरेज चालवणाऱ्याने, इंजिन उघडणाऱ्याने, थोडक्यात लोक ज्याच्या भरवशावर गाडी घेऊन जातात त्याने.

आणि कोणताही घ्या, काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणा. त्याखाली नाही. पुसून, पुसटसं तेल लावून डब्यात ठेवा. अडलेला नट उघडायला तो वापरू नका, त्याला साधा पाना आहे.

तुमच्याकडचा रेंच किती किलोला टक् करतो, ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात!