डबाबंद मातीचा एक महिना

शेतातली माती प्रयोगशाळेत आणली म्हणून तिची किरणोत्सारिता लगेच मोजता येत नाही. ती वाळवायची, चाळायची, तोलायची आणि हवाबंद डब्यात भरून जवळपास महिनाभर ठेवून द्यायची. हा महिना वाया गेल्यासारखा वाटतो, पण सगळी मोजणी त्याच्यावरच उभी असते.

मातीतल्या युरेनियमपासून टप्प्याटप्प्याने रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन. रेडियमचे स्वतःचे गॅमा किरण क्षीण असतात, म्हणून रेडॉननंतर जन्मणाऱ्या शिसे-214 आणि बिस्मथ-214 यांच्या किरणांवरून त्याचं प्रमाण काढतात. रेडॉन पडला वायू. तो निसटला तर पुढची पिढी घटते आणि रेडियम आहे त्याहून कमी दिसतं. रेडॉनचं अर्धायुष्य 3.8 दिवसांचं. अशी सात अर्धायुष्यं, म्हणजे सुमारे 27 दिवस सरले, की डब्यात जेवढा रेडॉन तयार होतो जवळजवळ तेवढाच फुटतो. मग डबा गॅमा मोजणाऱ्या उपकरणावर ठेवायचा. जगभरच्या मातीत रेडियमची सरासरी किलोमागे सुमारे 35 बेकरेल आहे. म्हणजे किलोभर मातीत दर सेकंदाला रेडियमचे 35 अणू फुटतात.

मातीत रेडियम किती हे असं कळतं. त्यातला किती रेडॉन बाहेर पडतो, हा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. त्यासाठीचं साधन अगदी साधं आहे: डब्याच्या तळाशी माती आणि झाकणाला आतून लावलेली खास प्लास्टिकची फिल्म. रेडॉनमधून सुटलेले अल्फा कण फिल्मवर ओरखडे काढतात. नंतर ती गरम कॉस्टिक सोड्यात बुडवली की ओरखडे रुंदावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात.

रेडियमचा अणू फुटला की नवा रेडॉन अणू मागे उसळतो, पण खनिजात त्याची धाव केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकीही क्वचितच असते. त्यामुळे कणाच्या पृष्ठभागालगत जन्मलेलेच अणू सहज सुटतात. किंचित ओलावा त्यांना मदत करतो: कणांमधलं पाणी उसळलेल्या अणूला समोरच्या कणात रुतू देत नाही. माती पाण्याने गच्च भरली की मात्र वायूची वाटच अडते. म्हणून एकाच शेताचा मे महिन्यातला आकडा जुलैत लागू पडत नाही.

दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये युरेनियम कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त. पूर्व विदर्भातले जुने खडक बेसॉल्टचे नाहीत, त्यामुळे पुण्याच्या मातीचा अंदाज गडचिरोलीला लावता येणार नाही. मातीतून सुटलेला रेडॉन घरातही शिरतो; जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातल्या हवेतल्या रेडॉनसाठी घनमीटरमागे 100 बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली. ती ओलांडली जाते का, हे तळमजल्यावरच्या बंद खोल्यांमध्येच कळेल. अशा फिल्म तिथे उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात टांगायला हव्यात, आणि विदर्भातल्या विज्ञान महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावं.