भुजादंड संतोलक

मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन-एंजिनातील भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, पुढील टोकावर बसविलेल्या व त्या दंडाची पिळाची कंपने शमविणाऱ्या चाकास भुजादंड संतोलक म्हणतात. कारागिरांमध्ये तो डँपर किंवा डँपर पुली या नावाने ओळखला जातो. संतोलक दंडावर घसरू नये म्हणून दोहोंच्या सांध्यात छिद्र पाडून पिना बसविण्याची एक रीत आहे.

कार्य : प्रत्येक ज्वलनाच्या वेळी दट्ट्यावरील दाबामुळे भुजादंडास किंचित पीळ बसतो व तो लगेच उलगडतो. या धक्क्यांची कंप्रता दंडाच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली, तर अनुस्पंदन होऊन कंपने वाढत जातात व अखेर दंड शिणून मोडतो. सहा सिलिंडरांच्या लांब दंडात हा धोका अधिक असतो. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास यावर उपाय म्हणून संदमक योजला. नेहमीच्या प्रकारात दंडावरील तुंबा व बाहेरचे जड कडे यांमध्ये रबराचा थर असतो. कंपनाची ऊर्जा रबरात उष्णतारूपाने खर्च होते. मोठ्या डीझेल एंजिनांत रबराऐवजी दाट सिलिकोन द्रव वापरतात. संतोलकाच्या कडेलाच पट्ट्याच्या खाचा असल्याने जनित्र, पंप इ. त्यावरूनच चालतात.

परभणी जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात विहिरींवर वापरल्या गेलेल्या एक सिलिंडरी ऑइल एंजिनांना असा संतोलक नसतो. त्यांचा दंड आखूड व ताठ असतो आणि मंद गतीमुळे अनुस्पंदनाचा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. त्यांचे जड प्रचक्र चावी ठोकून पक्के करतात. चावीची खाच झिजून रुंद झाल्यास सांध्यावरच अक्षाला समांतर छिद्र पाडून त्यात गोल चावी ठोकण्याची जुनी युक्ती फिटरांना परिचित आहे. संतोलकास पिना बसविण्याची रीत मूलतः हीच होय.

गरज : काही एंजिनांत संतोलकास चावी नसते. जनरल मोटर्स कंपनीच्या १९९७ मध्ये आलेल्या एलएस मालिकेतील व्ही-८ एंजिनांत तुंब्याचे छिद्र दंडापेक्षा किंचित लहान असते आणि संतोलक केवळ ही घट्ट बैठक व पुढील बोल्ट यांच्या घर्षणावर टिकतो. मूळ उपकरणांसाठी एवढी पकड पुरेशी असते. तथापि पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर जोडल्यास स्थिती बदलते. उदा., मिनिटास ६,००० फेऱ्यांच्या वेगाने ६० किलोवॉट शक्ती घेणाऱ्या सुपरचार्जरासाठी भुजादंडावर सु. ९५ न्यूटन-मीटर परिबल लागते. वेग एकाएकी वाढला किंवा घटला, तर सुपरचार्जराच्या फिरत्या भागांच्या जडत्वामुळे यात मोठी भर पडते व संतोलक घसरू लागतो.

कृती : प्रथम संतोलक पूर्णपणे आत बसला आहे याची खात्री करून घेतात. मग दंडाच्या तोंडावर छिद्र-मार्गदर्शक साचा बोल्टाने आवळतात. साच्याविना छिद्र पाडल्यास ड्रिल तुंब्याच्या मऊ धातूकडे सरकते. ड्रिलचे केंद्र नेमके सांध्यावर ठेवून छिद्राचा अर्धा भाग दंडात व अर्धा तुंब्यात येईल असे पाहतात. दुसरे छिद्र समतोलासाठी १८० अंशांवर घेतात. रीमर फिरवून, कीस काढून कठीण पोलादाच्या पिना घट्ट ठोकतात. पिनेचे टोक तुंब्याच्या पृष्ठाच्या किंचित आत राहिले पाहिजे. अन्यथा बोल्ट पिनांवरच टेकून तुंब्यावरील दाब नाहीसा होतो. आवळताना ताणला जाणारा बोल्ट पुन्हा वापरीत नाहीत.

दंडाचा व्यास ३८ मिमी. आणि पिनेचा व्यास ६ मिमी. व लांबी २५ मिमी. धरल्यास दोन पिनांचे कर्तन क्षेत्र ३०० चौ. मिमी. होते. १०० न्यूटन प्रती चौ. मिमी. इतके सावध कर्तन प्रतिबल धरले, तरी त्या सु. ५७० न्यूटन-मीटर परिबल पेलतात.

मर्यादा : पिना हा सैल बैठकीवरचा इलाज नव्हे. तुंबा सैल असल्यास उलटसुलट धक्क्यांनी छिद्रे लंबवर्तुळाकार होऊन दंड निकामी होतो. तसेच रबर जीर्ण होऊन बाहेरचे कडे सरकत असल्यास तुंब्यास पिना घालून काहीच साधत नाही. तुंबा व कडे यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढून काही काळ एंजिन चालविल्यास हा दोष ओळखता येतो. रेघ तुटली, तर संतोलकच बदलावा लागतो. दंडात पाडलेले छिद्र बुजवून पूर्ववत करता येत नाही, म्हणून ही परीक्षा ड्रिल हाती घेण्यापूर्वी करणे आवश्यक असते.